अण्णांच्या कोटासाठी दांडी

अल हिलाल, दोहा
१४ डिसेंबर २००५

तीर्थस्वरूप अण्णांच्या चरणी जावई गुरुप्रसादचा साष्टांग नमस्कार.

आम्ही तिघेही इथे खुशाल आहोत. तुमचा गुडघा नाशिकच्या थंडीत कसा वागतो आहे? विभावरीने पाठवलेले तेल लावता, की ते मागच्या वेळेसारखे दाराच्या बिजागऱ्यांना घातलेत? दोडक्याचा वेल गच्चीपर्यंत पोचला असेल. तुमच्या नातीची, नुपूरची, परीक्षा झाली. मराठी तिला सगळे कळते, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते, आणि त्यावर मी दर आठवड्याला जे बोलतो तेही तिला सगळे कळते.

गेल्या शुक्रवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "मला तिथे काम काय? सोफ्यावर बसून एसीचा आवाज ऐकू?" आणि फोन ठेवलात. व्हिसा आला आहे, जानेवारीचे तिकीट मिळते आहे आणि आई गेल्यापासून तुम्ही गावाची वेस ओलांडलेली नाही, हे सगळे विभावरी तुम्हाला सांगणार होती. ते राहिले. तेव्हापासून ती घरात फार शांतपणे वागते आहे. (ती चिडली की मला युक्तिवाद सुचतात. ती शांत झाली की मला काही सुचत नाही.) तरीही हे पत्र तुम्हाला गळ घालण्यासाठी नाही. मी कुणाला गळ घालत नाही, मी मुद्दे मांडतो. हे पत्र निव्वळ माहितीसाठी आहे, आणि माहिती एका कपाटाविषयी आहे.

हे कपाट कॅरव्हॅनमध्ये आहे. कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. गाडीला मागे जोडायचे आणि ओढत न्यायचे. हिवाळ्यात इथली माणसे संगमरवरी घरे कुलूपबंद करून वाळवंटात आणि समुद्राकाठी मुक्कामाला जातात. मला हे पूर्वी अनाकलनीय वाटे, आता मीही जातो आणि मला ते अजूनही अनाकलनीयच वाटते. मी आणि बेनीने ही गाडी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून निम्मी-निम्मी घेतली. (बेनी वसईचा. इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. माझ्या प्रत्येक भाषणाला पहिल्या रांगेत बसतो आणि दुसऱ्या मिनिटाला झोपतो, पण येतो हे महत्त्वाचे.) पुढे त्याची लँडक्रूझर, मागे आमचे घर. बेत असा होता की जानेवारीत तुम्हाला अल खोरच्या पलीकडे पाण्याच्या काठी न्यायचे, दाराशी खुर्ची टाकायची आणि कुणी काही बोलायचे नाही. (शेवटची अट विभावरीची.) आतल्या कपाटात वर एक फळी आहे आणि तिच्याखाली कपडे लटकवायची दांडी. त्या दांडीवर मधोमध तुमचा तपकिरी कोट लागणार, हे तिने तुम्हाला विचारण्याच्याही आधी ठरवून टाकले होते. रुंद खांद्यांचा लाकडी हँगरही आणून ठेवला आहे. तो सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे आणि माझ्याकडे पाहतो आहे.

पहिल्याच सहलीहून परतताना मागून मोठा आवाज झाला. दार उघडून पाहतो तर फळी खाली, दांडी तिच्याखाली आणि सगळ्यांत खाली माझा इस्त्रीचा सदरा. स्क्रू भिंतीतून उपटून आले होते. फळीवर काय काय होते याची मी तिथल्या तिथे चौकशी केली. विभावरीचा प्रेशर कुकर. बेनीचे मासेमारीचे शिशाचे गोळे (हा माणूस शिसे घेऊन सहलीला येतो!). नुपूरचे स्केटिंगचे बूट. दोन रजया. शिवाय माझी थोडी पुस्तके, जगाच्या इतिहासाचे खंड वगैरे, पण पुस्तके काही सामानात धरत नाहीत. मी सर्वांसमोर संयमाने विचारले की हा चंगळवाद आपल्याला कुठे नेणार आहे. बेनी म्हणाला, "घरी ने रे आधी, भूक लागलीय."

आता तुम्ही म्हणाल, सुतार बोलवायचा. इथे मुऐदर भागात रहमान नावाचा सुतार आहे, निम्म्या दोह्याची कपाटे त्याने लावली आहेत. अडचण तात्त्विक आहे. दिवाळीच्या स्नेहसंमेलनात इथल्या मराठी मंडळाने मला बोलायला उभे केले होते, विषय स्वावलंबन. मी म्हणालो होतो की ज्याला स्वतःच्या घरात एक खिळा ठोकता येत नाही तो पासपोर्ट कोणताही बाळगो, पारतंत्र्यातच आहे! टाळ्या थांबेनात. त्या सभागृहात रहमानची चार गिऱ्हाइके तरी होती आणि त्यांनी त्याला ते ऐकवले. तो मला भेटला की आता हात जोडून म्हणतो, "साब, आप तो आजाद आदमी हैं." अशा माणसाला फळी लावायला कसे बोलवावे?

शिवाय आमच्या लग्नात तुम्ही माझ्या काकांना म्हणाला होतात, "मुलगा बोलतो फर्मास, पण याच्या हातात हातोडी पाहिली नाही कुणी." मी शेजारच्याच पंगतीत होतो. मी ते मनात ठेवलेले नाही, फक्त लक्षात ठेवले आहे.

म्हणून मी स्वतः हात घातला. लांब स्क्रू आणले, ड्रिल आणले, आणि नाशिकच्या घराच्या भिंतीत जसे भोक पाडतात तसे जोर लावून पाडले. ड्रिल लोण्यात गेल्यासारखे गेले आणि भोकातून सूर्यप्रकाश आला. बाहेरून नुपूर म्हणाली, "बाबा, आय कॅन सी यू." मी गोंधळलो, अण्णा. भिंतीला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात आणि त्यांच्यामध्ये भिंत असते, अशी माझी आजवर समजूत होती. इथे दोन पातळ पत्रे आणि मध्ये नुसता फोम. बेनीने रुग्णाच्या छातीवर मारतात तशा बोटाने टिचक्या मारल्या आणि म्हणाला, "एक्स-रे नको, आत काही नाहीच." ज्या भिंतीत भिंतच नाही तिच्यात स्क्रू कशाला धरून राहणार? मी एम-सीलने भोक बुजवले आणि प्रश्नाच्या मुळाशी जायचे ठरवले.

मुळाशी वजन होते. मी सर्वांना एकत्र बसवून त्यागाचे आवाहन केले. कुकर पलंगाखाली गेला, शिसे बेनीच्या गाडीत, बूट परत घरी. रजयासुद्धा काढल्या. फळी मी पुन्हा पक्की बसवली आणि तिच्यावर आता केवळ माझी पुस्तके आणि एक टोपी राहिली. म्हणजे जवळजवळ रिकामीच. आम्ही अल खोरच्या रस्त्याला लागलो, पहिला गतिरोधक आला आणि फळी पडली.

मी टोपी हातात घेऊन तोलून पाहिली. एका टोपीने फळी पडते? विभावरी मागून पाहत होती. तिने तोंडावर पदर धरला होता. मला वाटले रडते आहे, म्हणून मी धीर दिला. मग ती बाहेरच गेली.

माझा पुढचा संशय राउंडअबाउटवर गेला. या शहरात सरळ रस्ता असा नाहीच, प्रत्येक चौकात गोल फिरावे लागते. जे सतत गोल फिरते त्यातले सर्व बाहेर फेकले जाते, हे विज्ञान आहे आणि साम्राज्यांच्या बाबतीत इतिहासही. निरीक्षणासाठी आतमध्ये माणूस हवा होता. शुक्रवारी सकाळी रस्ते ओस असतात, तेव्हा बेनी टॉर्च घेऊन कपाटासमोर बसला (हे नियमात बसत नाही, तेव्हा पत्र वाचून झाल्यावर फाडावे) आणि मी घराजवळच्या राउंडअबाउटला फेऱ्या मारू लागलो. पाण्याच्या टँकरचा एक पठाण ड्रायव्हर थोडा वेळ थांबून पाहत राहिला, मग "यल्ला भाई, यल्ला! रास्ता भूल गया?" असे ओरडून गेला (यल्ला म्हणजे चला). तेवढ्यात आतून किंकाळी. दार उघडले तर बेनी जमिनीवर, कपाळावर टेंगूळ. मी विचारले, काय दिसले? तो म्हणाला, "गुरू, इतिहास पडला रे माझ्यावर." पॉलीनला, म्हणजे त्याच्या बायकोला, मी समजावले की वेदनेत माणूस असंबद्ध बोलतो. ती बर्फ आणायला आमच्या स्वयंपाकघरात गेली, आणि तिथे ती आणि विभावरी दार लावून बराच वेळ होत्या. बर्फाला इतका वेळ का लागावा, हेही मला समजलेले नाही. त्यानंतर बेनीला काही विचारले की तो आधी विभावरीकडे पाहतो आणि मग हवेविषयी बोलू लागतो.

शेवटी मी एका सिद्धांतावर आलो: भार भिंतीवर टाकायचाच नाही, तो जमिनीला द्यायचा. दोन्ही बाजूंना फळीखाली जाड लाकडी खांब उभे केले, भिंतीला आडव्या पट्ट्या डकवल्या, आणि जुनी पोकळ दांडी फेकून तिच्या जागी जीआयचा पाइप बसवला, नळाला घालतात तो. मग स्वतः त्याला लटकून पाहिले. दांडी तसूभर हलली नाही. भिंत आली. आतले प्लायवूड सबंध सुटून माझ्यासकट पुढे आले, आणि नुपूर म्हणाली, "बट द रॉड इज फाइन, बाबा." मुलीने प्रथमच माझ्या कामाची कदर केली. प्लायवूड मी परत चिकटवले आहे.

आता काम पुरे झाले आहे. एकच बारीक गोष्ट. खांब समोर आल्यामुळे दार पुरते मिटत नाही. आणि पाइप जाड असल्यामुळे त्यावर कोणताही हँगर बसत नाही, तुमच्या कोटाचासुद्धा. परंतु दांडीवर काही लटकणारच नसेल तर ती पडण्याची भीतीही राहत नाही, हे मी विभावरीला पटवतो आहे. ती हँगर उचलते, पाहते आणि पुन्हा टेबलावर ठेवते.

तेव्हा अण्णा, इकडची काळजी नसावी. तुम्ही उभा जन्म एस.टी.च्या वर्कशॉपात बसगाड्यांचे सांगाडे नीट करण्यात घालवलात, आता विश्रांती घ्या. तुमच्या जावयाच्या हातात हातोडी आली आहे, एवढे कळावे म्हणून हा पसारा. पत्र पॉलीनबरोबर देतो. ती नाताळला वसईला जाते आहे, तिथून पोस्टात टाकेल. तेल गुडघ्यालाच लावावे, ही विनंती.

आपला जावई,
गुरुप्रसाद

ता. क. : फळी आता इतकी भक्कम आहे की तिच्यावर बरीच जागा वाया जाते. तुमच्या माळ्यावर माझ्या इतिहासाचे उरलेले खंड पडून आहेत. बेनीचा पुतण्या मॅल्कम जानेवारीत मुंबईहून निघतो, त्याच्याजवळ जमतील तेवढे द्यावेत.

ता. क. २ : पॉलीन खाली गाडीत थांबली आहे आणि मी पाकीट चिकटवत होतो, तेव्हा आवाज झाला. कॅरव्हॅन अंगणात उभी होती, अण्णा. वारा नव्हता. राउंडअबाउट नव्हता. कुणी हात लावलेला नव्हता. खांब उभेच आहेत, फळी त्यांच्या मधोमध वाकून मोडली आहे. सभेत मी जे प्रश्न विचारतो त्यांची उत्तरे मला आधीपासून माहीत असतात. या प्रश्नाचे मला माहीत नाही. मॅल्कमला खंड देऊ नका. तुम्ही विचारलेत, मला तिथे काम काय. हे काम आहे. तुमची हत्यारांची पेटी घेऊन या. हे मी गळ घालूनच म्हणतो आहे असे समजावे.

ता. क. ३ : अण्णा, मी विभा. यांनी पाकीट माझ्याकडे दिलं चिकटवायला. पुस्तकांच्या वजनाचं यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. बेनीला आणि पॉलीनला मीच शपथ घातली आहे. रहमान दोनदा विचारून गेला, त्यालाही नको म्हटलं. तुम्हीही फोनवर सांगू नका हं, नाहीतर काम संपेल. इथे येऊन, फळी बसवून, मग सांगा. कोट अंगात घालूनच या, विमानात थंडी असते. हँगर टेबलावरच ठेवते.