बटणाची बायको

नाना,

तुमची ‘बटणाची बायको’ पुन्हा बसवायची म्हणून गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली होती. तुमच्या नाट्यमंडळात लाइट सांभाळायचे त्या काकांची नात. तिशीची असेल, नोकरी करून नाटकं करते. आजोबांनी तिला एकांकिकेची प्रत दिली आणि घरच्यांची परवानगी घे म्हणून माझा पत्ताही दिला. सोफ्यावर मांडी घालून बसली आणि डोळे मोठे करून सांगायला लागली, “काकू, त्या काळात सातपूरच्या कामगारांनी चक्क सायन्स फिक्शन केलंय! आणि कसलं फनी आहे! आता घरोघरी बोलणारी मशिन्स आलीत, म्हणजे नानांनी सगळं आधीच ओळखलं होतं.” मी तिला चहा दिला, विचार करून कळवते म्हणाले आणि जिन्यापर्यंत सोडून आले. दार लावलं तेव्हा लक्षात आलं की माझे दात घट्ट आवळलेले आहेत. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली. इतक्या वर्षांत तुमच्या फोटोला हार घातले, श्राद्धं केली, भांडण मात्र राहून गेलं. ते आज करते.

मी आठवीत होते तेव्हा तुमच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा परदेशी रोबो आला. नुसता एक हात, पण तुम्ही त्याला रोबोच म्हणायचात. संध्याकाळी तुम्ही स्कूटर जिन्याखाली लावता, डबा ओट्यावर ठेवता आणि हातपाय न धुताच आईला सांगायला लागता की तो चहाला थांबत नाही, विडी ओढायला बाहेर जात नाही, युनियनचा मेंबर होत नाही. सिडकोतल्या आपल्या दोन खोल्यांत त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. तुमचे मित्र यायचे आणि घरात कुणी आजारी असल्यासारखे हळू आवाजात बोलायचे. तुम्हा सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. तुम्ही रात्री नीट जेवत नव्हतात. मला तेव्हा तुमची दया आली होती आणि खरं तर आजही येते.

पण त्या भीतीतून तुम्ही लिहिलंत काय? एका कारकुनाची बायको भांडून माहेरी जाते आणि तो बाजारातून रोबो विकत आणतो. हा रोबो साडी नेसतो. छातीवर लाल दिवा, मानेमागे बटण. बटण दाबलं की “आज्ञा, मालक” म्हणायचं, चहा आणायचा, पाय चेपायचे, उलटून बोलायचं नाही. खरी बायको नाटकात फक्त विंगेतून कटकट करते, कारण कामगारांच्या स्पर्धेसाठी एक नटी मिळवतानाच तुमच्या नाकी नऊ यायचे. कारखान्यातला रोबो बाप्याचं काम करायला लागला तेव्हा तुमच्यापैकी एकालाही हसू आलं नाही. तोच रोबो साडी नेसून चहा करायला लागला आणि तुम्ही टाळ्या देऊन हसलात. आपल्या जागी यंत्र आलं तर आपलं काय होईल म्हणून तुमची झोप उडाली होती. बायकोच्या जागी यंत्र आलं तर बायकोचं काय होईल, हा प्रश्न तुमच्या सगळ्या एकांकिकेत कुणालाही पडत नाही. तुम्हालाही पडला नाही. मी वाचनालयात आयुष्य काढलं, नाना. दर दिवाळी अंकातली विज्ञानकथा मी आधी वाचायची आणि मग कपाटात लावायची. जग जिंकायला निघालेला, माणसाशी वाद घालणारा, बंड करणारा रोबो बहुतेक वेळा पुरुष. रोबो बाई असेल तर ती सेवा करते, नाहीतर प्रेमात पडते, आणि तिची बॅटरी कुठे आहे याच्या आधी लेखकाने तिची कंबर किती बारीक ते सांगितलेलं असतं. मी ते पान मिटायची आणि मला तुमची आठवण यायची. तुम्ही निदान कंबरेचं काही लिहिलं नाहीत, एवढंच.

स्पर्धा तोंडावर आली आणि ठरवलेली नटी दुसऱ्या मंडळात गेली. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. मी पाटावर बसून गणितं करत होते, त्यामुळे मला शब्द न् शब्द आठवतो.

“तू करशील का?”

“मला काय येतंय त्यातलं?” आई म्हणाली.

“येण्यासारखं त्यात काही नाही. घरी करतेस तेच करायचं. फक्त चेहरा कोरा ठेवायचा.”

“तो काय, असतोच,” असं म्हणून तिने भाकरी उलटली.

तुम्ही हसलात. तुम्हाला वाटलं तिने विनोद केला. पण मग तिने ते काम असं काही मनावर घेतलं की मी बघतच राहिले. निफाडकडच्या द्राक्षबागेतून आलेली बाई, तिने तोंडातला ‘हाय’ काढून तिथे ‘आहे’ बसवला. दुपारी ओट्यापासून गॅलरीपर्यंत ती गुडघे न वाकवता चालायची. आरशासमोर पापणी न हलवता उभी राहायची आणि मी तिला हसवायला तऱ्हेतऱ्हेची सोंगं करायची, ती हसायची नाही. पदराला हात पुसून मगच कप पुढे करायचा, ही तिची रोजची सवय तिने इतकी मोजून-मापून केली की तालमीला आलेली तुमची दोस्तमंडळी पोट धरून हसायची. तिला काय होतंय ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. तिला मजा येत होती. घरात ती गाणं गुणगुणायला लागली होती. तुम्हाला तेही दिसलं नाही, कारण नवऱ्याचं काम तुमचं होतं आणि तुम्ही स्वतःचे संवाद पाठ करत होतात.

स्पर्धेच्या दिवशी मी पुढच्या रांगेत बसलेय. चंदेरी कागद चिकटवलेला पुठ्ठा तिच्या अंगावर, छातीवर दिवा. ती पहिल्यांदा “आज्ञा, मालक” म्हणते आणि सगळं नाट्यगृह हसतं. पुढे तो प्रसंग येतो, यंत्र अडखळतं आणि नवरा त्याला मागून चापट मारतो, रेडिओ खरखरला की मारतात तशी. तालमीत तुम्ही हात हवेत फिरवायचात आणि विंगेतला माणूस फळीवर फळी आपटायचा. त्या दिवशी तुम्ही खरंच मारलंत. तिची मान पुढे गेली. लोक खदखदून हसले, म्हणून तुम्ही पुन्हा मारलंत. मागून कुणीतरी “वन्स मोअर” ओरडलं, आणि तुम्ही तिसऱ्यांदा हात उचललात, नाना. तो माणूस ओरडला म्हणून. तिच्या छातीवरचा दिवा सुटून खाली पडला.

आता तिचं वाक्य होतं. “चूक झाली मालक, चहा आणते.” मला पाठ होतं, मी ओठांत म्हणतही होते. ती बोलली नाही. ट्रे हातात घेऊन ती तशीच उभी राहिली, पापणी न हलवता. तुम्ही बटण दाबलंत, पुन्हा दाबलंत. दातओठ खात तिच्या कानात वाक्य सांगितलंत, ते पुढच्या रांगेत आम्हाला ऐकू आलं. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. मग इतकी शांतता झाली की मला तिथून पळून जावंसं वाटलं. शेवटी कुणीतरी पडदा पाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चहा गाळत होती आणि तुम्ही तिच्या डोक्यावर उभे राहून बोलत होतात. “एक वाक्य होतं. एवढं एक वाक्य तुझ्याने म्हणवलं नाही? सगळ्यांसमोर माझं नाटक पाडलंस.” तिने तुमच्यापुढे कप ठेवला. तिच्या मानेवर अजून लाल होतं. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर काढलं नाहीत. संध्याकाळी निकाल लागला. परीक्षकांनी शेवटच्या त्या थांबण्याचं तोंडभरून कौतुक केलं, तिला अभिनयाचं बक्षीस दिलं, आणि तुम्ही हार गळ्यात घेऊन सगळ्यांना सांगितलंत की शेवट मी तसाच बसवला होता.

मारण्यापेक्षाही मला याचा राग जास्त येतो. ती बाई सगळ्या गावासमोर नाही म्हणाली होती. आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुतेक शेवटचं. तुम्ही ते उचललंत आणि स्वतःच्या नावावर केलंत. एवढ्यावर तरी थांबायचं होतं. तुम्ही पुढे लिहिलंत. यंत्र बंद पडतं, नवरा झाकण उघडून स्क्रू पिळतो, आणि मग ती न थांबता “चूक झाली मालक, चूक झाली मालक” म्हणत राहते. त्याला आणखी हशा मिळाला. गणपतीत, कारखान्याच्या संमेलनात, पैसे देऊन आणलेली नटी ते करायची आणि आई पहिल्या रांगेत बसून बघायची. तिच्या नकाराचा तुम्ही बिघाड केलात आणि तो दुरुस्तही करून दाखवलात. तिला पुन्हा काम विचारलं नाहीत. बक्षिसाच्या पैशातून मिक्सर आणलात आणि म्हणालात, “घे, आता तुझ्याही हाताखाली यंत्र.” मला त्या मिक्सरच्या आवाजाची अजून तिडीक येते.

तर मी नकार कळवायचं ठरवलं. फोनवर निरोप लिहिला आणि पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवला. ती मटार सोलत होती. पंचाहत्तरी ओलांडली तिने, कान अजून शाबूत आहेत.

“कुणाला इचारून नाय म्हणतीस?”

“तुझ्यासाठीच, आई.”

“मला इचारलं का?”

“त्यात तुला मारलंय त्यांनी.”

“म्हाईत हाय. मान माझीच व्हती.” शेंग सोलायची ती थांबली नाही. “पण काम मी लय चांगलं केलं व्हतं. ते बी तू पुसून टाकती का? बोलव त्या पोरीला.”

मी निरोप पुसला आणि पोरीला बोलावलं. तुमच्यावर चढवलेला आवाज तिच्यापुढे कसा वापरायचा ते मला सुचेना. पोरगी दुसऱ्याच दिवशी आली. मीच तिला आधी सुचवलं की करायचंच असेल तर रोबो पुरुष करा, नवरा बटणाचा करा, बघू लोक हसतात का. आईने हात झटकला. “बाप्या काय करंल? ‘आज्ञा’ म्हणंल आन सोफ्यावर बसंल.” पोरगी हसून हसून लाल झाली. मग आईने तिला आपली अट सांगितली. बाई थांबली की पडदा. पुढचं सगळं काढायचं, स्क्रू नाही आणि माफी नाही. आणि अंगाला हात लावायचा नाही, मारायचं तर हवेत.

“पण आजी, मग लोकांना शेवट कळणार नाही. ती बिघडली की रागावली, असं विचारतील.”

“इचारू दे. घरी जाऊन बायकूला इचारतील.”

“आणि हवेत का? नानांच्या वेळेला काय...” पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी सांगितलं. अगदी सगळं, “वन्स मोअर”सकट. तिने हातातली प्रत खाली ठेवली. “आजोबा तर सांगायचे, काय टायमिंग होतं म्हणून,” ती हळूच म्हणाली. लाइट टाकणाऱ्या माणसालाही ते दिसलं होतं आणि त्यानेही ते टायमिंग म्हणूनच लक्षात ठेवलं होतं. परवानगीच्या कागदावर आईने सही केली. वारस ती आहे, मी तिच्या मागे उभी होते एवढंच.

आता रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत तालीम असते. पोरगी स्वतः यंत्र झालीय, तिच्या ऑफिसातला एक मुलगा नवरा. आई खुर्चीत बसून ओरडते, “डोळे हालले! यंत्राला झोप येत नसती!” थांबायचं कसं ते तिने स्वतः उठून दाखवलं, ट्रे हातात घेऊन, या वयात. खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते आणि ती बराच वेळ तशीच उभी राहिली. ती दमल्यावर मीच तिच्या हातातून ट्रे काढून घेतला. मला रडू येत होतं आणि तुमच्यावरचा राग जराही कमी झाला नव्हता. तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही. प्रयोगाच्या पत्रिकेवर लेखक म्हणून तुमचं नाव येईल, शेवट मात्र आईच्या नावाने. हे मी पोरीकडून लिहून घेतलंय.

एक गोष्ट मात्र लिहायची नाही असं मी पहिल्या ओळीपासून ठरवलं होतं. काल नवरा झालेल्या मुलाचं काम बघून आई तोंड वाकडं करून म्हणाली, “याला नाय जमत. कप घ्यायच्या आधी जरा थांबावं लागतं, मंग हसू येतं. त्यांना बराबर जमायचं. ते थांबले की मला आतून हसू फुटायचं, लय कष्टानं दाबायचे मी.” तुम्ही असतात तर वरचं सगळं सोडून तेवढंच वाक्य वाचलं असतंत आणि मंडळात दहा जणांना वाचून दाखवलं असतंत. म्हणून पाठवायची सोय असती तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं. पण ती तसं म्हणाली, नाना, आणि म्हणताना हसत होती.