खिशातला हात

प्रिय डावरे,

अक्षर बघून दचकू नकोस. पत्र मीच लिहिलंय, पूर्ण शुद्धीवर लिहिलंय, आणि अक्षर असं का आलं ते शेवटी सांगतो. तुला आधी शेवट वाचायची खोड आहे, म्हणून ताकीद देतोय. गेले दोन महिने मी फोनवर तुटक बोलतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. त्याचंही कारण यात आहे.

तुझं प्रदर्शन मी पाहिलं. "बाबा, गर्दी ओसरली की मीच तुम्हाला नेईन," असं तू म्हणालीस तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. रंग वाळायच्या आत बापाला ओढून चित्रापुढे उभा करणारी मुलगी एकदम गर्दीची सबब सांगते? मग मी न सांगता गेलो. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या खेपेला दारावरच्या बाईंनी विचारलं, "काका, कुणाला शोधताय का?" मी म्हटलं, पाट्या बघतोय. ते काही अगदीच खोटं नव्हतं. दुकानांच्या जुन्या शटरचे पत्रे, त्यावर स्प्रेच्या रंगाचे ओघळ, पोस्टरांचे फाटके थर, आणि त्यातून पुढे आलेली पुऱ्या उंचीची माणसं: वेल्डर, बसथांब्यावर पेंगणारी नर्स, हेल्मेट काखेत धरलेला डिलिव्हरीवाला. ज्या पत्र्यांवर मी चाळीस वर्षं दुकानांची नावं लिहिली, त्यांच्यावर तू तेलरंगात माणसं उभी करतेस. मला त्याचा फार अभिमान आहे. तोंडावर कधी बोललो नाही, आता लिहून टाकतो.

पण नर्सच्या गालापाशी माझं घोडं अडलं. कातडीचा रंग तू लहानपणापासून बारीक तिरक्या फटकाऱ्यांनी भरतेस. तू डावरी, म्हणून तुझे फटकारे वर डावीकडून निघून खाली उजवीकडे उतरतात. उजव्या हाताने रंगवणाऱ्याचे नेमके उलटे पडतात. नर्सच्या गालावरचे सगळे उलटे होते. वेल्डरच्या मानेवरचेही. दोन वर्षांपूर्वीचा तो डिलिव्हरीवाला तेवढा तुझ्या हातचा. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी तेच.

झालं. माझं डोकं फिरलं. तुझे पत्रे घासून अस्तर लावणारा तो दाढीवाला मला पहिल्यापासून जरा जास्तच नम्र वाटायचा. तो उजवा आहे, हे मी चहा ढवळताना टिपून ठेवलं होतंच. त्यात पेपरात तुझा फोटो आला: पाठीमागे नर्स, पुढे तू, आणि डावा हात खिशात. ज्या हातावर नाव कमावलंस तो खिशात कशाला कोंबायचा? मी ठरवूनच टाकलं, हिला लाज वाटतेय. दाढीवाल्याला रस्त्यात गाठून सरळ विचारलं, की चित्रं रंगवतं कोण? त्याने बुटांकडे बघत उत्तर दिलं, "काका, ते तुम्ही तिलाच विचारा." मला वाटलं, चोर सापडला.

हा संशय मला इतक्या चटकन का आला, तेही कबूल करतो. औषधाच्या दुकानाची ती हिरवी पाटी आठवते? माझ्या कामाचं शेवटचं वर्ष होतं आणि हात थरथरायला लागला होता. तुला सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय, जरा अक्षरांच्या कडा ओढून दे. कडा कसल्या, त्या वर्षीच्या सगळ्या पाट्या तूच लिहिल्यास आणि कोपऱ्यात नाव माझं राहिलं. दुकानदार म्हणाला, "पेंटर, काय हात आहे हो तुमचा अजून!" मी मान डोलावली. तू शिडीखाली ब्रश धूत होतीस. एकदा वर बघितलंस आणि पुन्हा धुवायला लागलीस. तेव्हा दुसऱ्याच्या कामावर नाव टाकणं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्याच पोटची पोर माझ्याच वळणावर गेली, असं मला वाटलं.

प्रदर्शन उतरलं त्या आठवड्यात, तू बाहेरगावी असताना, मी स्टुडिओत गेलो. स्टुलाचा पाय डगमगतो, तो बसवतो म्हणालो. खरं तर पुरावा शोधायला गेलो होतो. रॅकमागे रद्दीचा गठ्ठा सापडला. वरच्या पेपरावर ब्रशने ओढलेल्या उभ्या रेघा, इतक्या वाकड्या की मनात आलं, या दाढीवाल्याला धड रेघ येत नाही आणि हा माझ्या मुलीची चित्रं रंगवतो? मग पानं उलटत गेलो. आडव्या रेघा, मग अंडाकृती गोल, पानागणिक सरळ होत जाणारे. प्रत्येक पानावर मोजून शंभर, आणि दर दहाव्या रेघेखाली एक ठिपका. मी स्टुलावर बसलो, डगमगत्याच. तो ठिपका तू सहा वर्षांची असताना मी तुला शिकवला होता. आणखी कुणाला शिकवलेला नाही. पाठीमागून दाढीवाला हळूच म्हणाला, "काका, ती मला ब्रशला हातसुद्धा लावू देत नाही."

तर हे पत्र एवढ्यासाठी. तुझ्या डाव्या हाताची थरथर माझ्याकडूनच आली आहे, आणि मला लागेल म्हणून तू ती खिशात लपवलीस. माझा हात गेला तेव्हा मी ब्रश तुझ्या हाती दिला आणि शाबासकी स्वतः घेतली. तू दुसऱ्या हाताला पुन्हा पहिलीत बसवलंस. ती चित्रं तुझीच आहेत, आणि मी तुझ्यावर शंका घेतली. मला माफ कर. त्या दिवसापासून मीही रोज शंभर रेघा ओढतोय, दहावीखाली ठिपका देऊन. उजवा तर केव्हाच कामातून गेला, डाव्याला मी कधी विचारलंच नव्हतं. हे पत्र त्याने लिहिलंय, नऊ दिवस लागले. रविवारी ये आणि माझ्या रेघा तपास. दाढीवाल्यालाही आण. चित्रांबद्दलचा संशय मी मागे घेतलाय, तुझ्याकडे तो ज्या नजरेने बघतो त्याबद्दलचा अजून कायम आहे. आणि येताना हात खिशात घालून येऊ नकोस. मला तो हातात घ्यायचा आहे.

तुझाच,
म्हातारपणी डावरा झालेला,
बाबा