त्या दिवशीचा वारा

प्रिय शीला,

इकडं सगळं ठीक आहे. गुडघे सोडले तर तुझी आई बरी आहे. माझा पाय थंडीत कुरकुरतो, पण सकाळी काठी टेकत हर्सूल तलावापर्यंत जाऊन येतो आणि दुपारी चिकलठाण्याला कंपनीच्या गेटवर बसतो. डोक्यावरून विमान उतरायला लागलं की बाकीचे गार्ड मला चिडवतात, "रामहरीमामा, मारायची का उडी?" मीही रोज म्हणतो, जेवण झाल्यावर बघू.

परवा पिशोरला जाऊन आलो. तुझा आजा अठ्ठ्याहत्तरचा झाला, तरी मेंढरांमागं चालायचं सोडत नाही. तुझी चौकशी केली. पोरीच्या पॅराशूटच्या तीनशे चाळीस उड्या झाल्या म्हटल्यावर जागीच थांबला. "म्हंजी इतक्या येळा इमान बिघडलं व्हय?" मी म्हटलं, विमान चांगलंच असतं, ती आपल्या मर्जीनं उडी मारते. त्यावर म्हणाला, "मग बिघाड पोरीतच हाय." खोकला येईपर्यंत हसला. निरोप द्यायला सांगितलंय, म्हणून लिहिलं.

त्या रविवारी तू दुबईहून फोन केलास तेव्हा तुझ्या आईनं अर्धंच ऐकलं. "एकशे तीन" एवढं कानावर पडलं आणि तिला वाटलं तुला ताप आलाय. मग तिला समजावलं की हा कापडाचा आकडा आहे, चौरस फुटांचा. शीला आता एकशे पस्तीसचं पॅराशूट वापरते, तिला एकदम एकशे तीनवर जायचंय. कापड कमी झालं की ते जोरात पळतं, लवकर खाली येतं आणि हाताची नुसती चाहूल लागली तरी वळतं. आई म्हणाली, "म्हंजी वांड गोऱ्हं." फौजेतल्या आमच्या उस्तादांनीसुद्धा इतकं नेमकं सांगितलं नव्हतं.

तू माझ्याकडून 'हो' मागितलंस. मी 'बघू' म्हणून फोन आईकडं दिला. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग माझं राहून जातं. म्हणून हा कागद घेतला.

तुला ते का हवंय हे मला विचारू नकोस, मला माहीत आहे. शेवटचं वळण घेऊन पॅराशूट झेपावतं, मग सरळ होतं आणि गवतावरून हातभर उंचीनं आपण सरकत जातो. त्या चार-पाच सेकंदांत मनात एकही विचार नसतो. देवळात डोळे मिटून मी इतकी वर्षं जे शोधतो, ते तिथं न मागता मिळायचं. ते तुला मिळू नये असं मला कसं वाटेल?

पण तुला गोफणीची एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी नऊ वर्षांचा असताना तुझ्या आज्यानं मला लोकरीची गोफण वळून दिली. दुसऱ्याच दिवशी मी दगड घातला, गरगर फिरवली आणि आमच्याच मेंढ्याचं शिंग मोडलं. आजा मारेल असं वाटलं होतं. त्यानं फक्त दगड काढून घेतला. "महिनाभर रिकामी फिरव," म्हणाला. गावातली पोरं फिदीफिदी हसायची, "रामहऱ्या वाऱ्याला मारतोय!" मी रडायचो आणि फिरवायचो. महिना संपला तेव्हा दोरी कुठं ताणते, केव्हा सैल पडते, हे मनगटाला कळायला लागलं होतं.

वीस वर्षांनी फौजेत लहान पॅराशूट हातात आलं आणि बलबीर उस्तादांनी तेच करायला लावलं. वळण घेतलं की आपलं शरीर गोफणीतल्या दगडासारखं बाहेर फेकलं जातं आणि कापड खाली झेपावतं. शरीर झोका घेऊन पुन्हा कापडाखाली येईपर्यंत कितीही दोऱ्या ओढा, उपयोग नसतो. त्याला किती उंची लागते हे पुस्तकात असतं, पण ते मनगटात उतरावं लागतं. उस्ताद म्हणायचे, वर, हजार मीटरवर वळा. वळायच्या आधी उंची बघा, सरळ झाल्यावर पुन्हा बघा, वहीत लिहा. एकच वळण शंभर वेळा. खाली जमीन नाही असं समजून नाही, आहे असं समजून. मी घाई केली की ओरडायचे, "रामहरी, जमीन कहीं भागी नहीं जा रही!" आणि कधी चुकून जमिनीजवळ वळलोच, तर वळण पुरं करायचा हट्ट सोडून दोन्ही हात सारखे खाली घेऊन ते तिथंच मोडायचं, मग भले मैदानाबाहेर चिखलात उतरावं लागलं तरी चालेल. चिखलात उतरलेल्याला ते स्वतः चहा पाजायचे.

आता ज्याच्यासाठी बसलो ते लिहितो. तीन दिवस इथंच अडलो होतो.

त्या फेब्रुवारीत शहरात आमच्या तुकडीचं प्रात्यक्षिक होतं. तू पंधरा वर्षांची होतीस, आईबरोबर दोरीला खेटून पुढं उभी होतीस. दवाखान्यात शुद्धीवर आलो तेव्हा तू विचारलंस, "आप्पा, काय झालं हो?" मी म्हणालो, "वारा फिरला गं." तेव्हापासून घरात तेच खरं झालं. आई दर शनिवारी मारुतीला तेल घालते, रुईची माळ घालते आणि मोठ्यानं सांगते, "तुझ्या बापाला सांग, माझ्या माणसाच्या वाटेला जाऊ नको." वाऱ्याचाच मुलगा तो, म्हणून त्याच्यामार्फत. आता त्यात तुझंही नाव घेते. अकरा वर्षं मी शेजारी हात जोडून उभा राहतो आणि मान वर करत नाही.

त्या दिवशी वारा नव्हता, शीला. मैदानाच्या कडेचे झेंडे काठ्यांना चिकटून होते. वरून मला तुझी लाल ओढणी दिसली. तू ती दोन्ही हातांनी हलवत होतीस. तुझ्या अगदी समोर, टाळ्यांच्या मधे उतरावं असं वाटलं. वळायची उंची निघून गेली होती. मला ते माहीत होतं. तरी वळलो. पॅराशूट धडधाकट होतं, नीट उघडलेलं होतं. ते वळलं कारण माझ्या हातानं त्याला वळवलं. खरं सांगितलं असतं तर तुला आयुष्यभर वाटलं असतं की ओढणीमुळं आप्पा पडले. म्हणून वाऱ्यावर घातलं. ओढणीचा काही दोष नव्हता. बापाला मिरवायचं होतं.

हे असंच माझ्याबरोबर गेलं असतं. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "काळजी नको आप्पा, वारा पडलेला असेल तेव्हाच मी छोटं घेईन, म्हणजे तुमच्यासारखं व्हायचं नाही." माझ्या खोट्यावर तू आपला नियम बांधला आहेस. वारा पडलेला असला की तोंडावर अडवणारं काही नसतं, जमीन उलट जास्त वेगानं येते. तू वाऱ्यावर नजर ठेवशील आणि हातावर ठेवणार नाहीस. म्हणून हे पत्र.

काल शनिवारी देवळाच्या पायरीवर आईला सगळं सांगितलं. तिनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आन् मी आकरा वर्सं त्याच्या बापाला बोल लावला." घरी आलो. दारात कुलूप काढताना म्हणाली, "पुढच्या शनवारपासून पोरीच्या हातासाठी घालीन."

तेव्हा तुला माझा 'हो' आहे, पण आधी एकशे वीस घे, शिकवणारा सोबत ठेव आणि वही ठेव. एकशे तीन कुठं पळून जात नाही. तुझ्या ऑफिसातली करुणा सुट्टी संपवून मंगळवारी परत निघते आहे, तिच्याबरोबर हे पत्र आणि आज्यानं तुझ्यासाठी वळलेली नवी गोफण पाठवतो. दगड मुद्दामच पाठवला नाही.

तुझाच,
आप्पा