कधीही नापास न झालेली गाडी

काकेगावा,
१८ मे

तीर्थरूप दादा यास,

चिझुरूचा वाकून नमस्कार. (वाकण्याचा विषय पुढे येणारच आहे, म्हणून आत्ताच जरा जास्त वाकून ठेवते.) आमच्याकडे चहाची पहिली खुडणी संपत आली आहे. सगळ्या गावाला वाफवलेल्या पानांचा वास येतो. तुमच्या डोंगरावर अजून बर्फ दिसत असेल. सुमिए वहिनींचा गुडघा कसा आहे? जिना कमी चढा म्हणावं, आणि चढायचाच तर तुला हाक मारून वर पाठवा म्हणावं. तुझी प्रकृती चांगली असणार याची मला खात्री आहे. जो माणूस स्वतःची दुखणी वेळच्या वेळी मेहुण्याला विकून टाकतो, त्याची प्रकृती बिघडायचं कारणच काय?

होय, मी गाडीबद्दलच लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी नव्या वर्षाच्या जेवणात तू माझ्या नवऱ्याला दिलेली ती लाल रेसची मोटरसायकल. त्या दिवशी तू काय बोलला होतास ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण माझ्या चॉपस्टिकमधून तांदळाची चिकट मोची खाली पडली होती. "तामोत्सु, बारा वर्षांत सहा वेळा पासिंग केलं, एकदाही नापास नाही. असली इमानी गाडी मिळायची नाही." पन्नाशीला टेकलेला, दोनदा चष्मा बदललेला, पायमोजे घालताना उसासे टाकणारा माझा नवरा त्या लाल टाकीकडे असा बघत होता, की आमच्या लग्नातही माझ्याकडे तसं कुणी बघितल्याचं आठवत नाही.

तर या इमानी गाडीचा दोन वर्षांचा हिशेब ऐक. पहिल्याच वसंतात ती गरम पाण्याच्या झऱ्याला गेली आणि तिथेच राहिली. बॅटरी. पावसाळ्यात ती समुद्र बघायला गेली, आणि तामोत्सु समुद्र बघत चार तास बसला. या वेळी पेट्रोलचा पंप. शरदात चार्जिंगचा कसलासा डबा जळाला, आणि त्या वासाने शेजारच्या बाईंना वाटलं आम्ही मासे करपवले. (त्यांनी आम्हाला आपल्या घरचे मासे आणून दिले. गाडीने मिळवून दिलेली आजवरची एकमेव वस्तू.) प्रत्येक वेळी आमचे शेजारी ओबा आपला चहाच्या पोत्यांचा छोटा ट्रक घेऊन गेले आणि गाडी पाठीवर टाकून आणली. आता ओबा तिच्या दोऱ्या डोळे मिटून बांधतात. माझ्या अंदाजाने या गाडीने स्वतःच्या चाकांपेक्षा ओबांच्या चाकांवर जास्त प्रवास केला आहे. तरी दर रविवारी नवरा पहाटे उठतो, चामड्याचं जाकीट अंगावर चढवतो (मला ते मागून ओढावं लागतं) आणि एकटाच निघून जातो.

म्हणून मार्चमध्ये मी त्याच्याशी लेखी करार केला. मे महिन्यात पासिंग आहे. एका दिवसात तपासणीच्या रांगेत तीनदा जाता येतं. तिन्ही वेळा नापास झाली तर गाडी विकायची. पास झाली तर पुढची दोन वर्षं मी ब्रसुद्धा काढायचा नाही. तो इतक्या पटकन हो म्हणाला की मला संशय यायला हवा होता. मी नगरकचेरीत बावीस वर्षं खिडकीत बसून लोकांचे चुकलेले अर्ज परत करते, पण घरचा करार मी नीट वाचला नाही.

तो का निश्चिंत होता ते आदल्या दिवशी कळलं. तुमच्या या जमातीत पासिंगचा अर्थ वेगळाच असतो. ज्या नळीतून गाडी वर्षभर डरकाळ्या फोडते ती त्या दिवसापुरती काढायची आणि कारखान्याचा मूळ, सोज्वळ सायलेन्सर लावायचा. पाहुण्यांसमोर हाताची घडी घालून बसणाऱ्या व्रात्य पोरासारखी गाडी तपासनीसासमोर बसते, आणि घरी आल्यावर पुन्हा मूळ पदावर येते. त्यातही आमच्या गावात या बनावटीच्या गाड्या पाच आणि मूळ सायलेन्सर एकच! तो ओबांच्या चहाच्या कोठारात अंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेला असतो आणि ज्याचं पासिंग असेल त्याच्या घरी जातो, आळीतला एकच पाळणा बारशाबारशाला फिरतो तसा. म्हणजे पाच गाड्या पास झाल्याचे पाच कागद आहेत आणि प्रत्यक्षात पास झाला आहे तो एक सायलेन्सर. (तुझा मूळ सायलेन्सर कुठे गेला हे मी विचारत नाही. गेल्या शरदात वहिनींच्या गुडघ्यासाठी तुमच्याकडे आले होते, तेव्हा त्यावर घेवड्याचा वेल चढलेला मी पाहिला.)

तर तामोत्सु सायलेन्सर बदलायला खाली वाकला आणि वर आलाच नाही. कंबर धरली. अर्धा तास तो अंगणात गाडीला नमस्कार घालत असल्यासारखा ओणवा होता. मी त्याला अंथरुणावर आडवं केलं तर तिथूनच म्हणतो, "चिझुरू, उद्या तूच घेऊन जा ना. तारीख गेली तर सगळंच गेलं." मी म्हटलं, "मी? मी तर ती नापास व्हावी म्हणून देवळात नाणं टाकून आले आहे!" तर म्हणाला, "म्हणूनच तर. तू खोटेपणा करणार नाहीस. तू नापास म्हणालीस तर ती खरंच नापास." दादा, माझ्याबद्दल इतकं चांगलं तो गेल्या दहा वर्षांत बोलला नव्हता, आणि बोलला तेही छताकडे बघत.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून रजा काढली. ओबांनी गाडी आणि टॉवेलातला सायलेन्सर दोन्ही ट्रकमध्ये चढवलं, तपासणी केंद्राच्या दारात उतरवलं आणि, "वहिनी, संध्याकाळी येतो. नेहमीचंच आहे," म्हणून गेले.

पहिल्या फेरीत सायलेन्सर टॉवेलातच होता, त्यामुळे गाडी चालू करताच रांगेतला एक कुत्रा, त्याचा मालक आणि तपासनीस असे तिघं मागे सरले. तपासनीस म्हणजे चाळिशीचा, हातात छोटी हातोडी, डोळ्यांत झोप. त्याने आवाज मोजायचं यंत्र बाहेरही काढलं नाही, नुसता हात हलवला. नापास एक. (आनंद व्हायला हवा होता. झालाही.)

केंद्रासमोर कुराता आजींचं दुकान आहे. तपासणीत नापास झालेले सगळे रस्ता ओलांडून तिथे जातात. आजी सत्तरीच्या, मनगटं माझ्या पोटरीएवढी. त्यांनी पंधरा मिनिटांत सायलेन्सर चढवला आणि वर मलाच विचारलं, "हा अजून फिरतोय होय गं? माझ्या नातवापेक्षा याला मी जास्त ओळखते."

दुसऱ्या फेरीत मला गाडीवर बसावं लागलं. दादा, तू बारा वर्षं हिच्यावर बसलास कसा? हरवलेली सुई शोधायला वाकावं तसं वाकायचं आणि तसंच राहायचं. पुढचं चाक जमिनीतल्या रोलरांवर ठेवलं, रोलर फिरू लागले आणि माइकवरून सांगितलं, काटा चाळीसवर आला की पायाखालचं बटण दाबा. आयुष्यात पहिल्यांदाच मी मोटरसायकलवर चाळीसच्या वेगाने गेले, आणि जागची हललेही नाही. (संसाराबद्दल मी इथे काही म्हणत नाही.) बटण मात्र अचूक दाबलं. ब्रेकही पास. मग तपासनीस खाली वाकला, सायलेन्सरवरचा पोचा बघितला आणि म्हणाला, "बाई, याला मी ओळखतो. मार्चमध्ये दोनदा येऊन गेला." मी मान खाली घातली. खिडकीच्या त्या बाजूला उभं राहणं काय असतं ते मला बावीस वर्षांनी कळलं. सायलेन्सर पास झाला, त्याला सवयच आहे. पण हेडलाईटचा झोत फारच वर. नापास दोन.

पुन्हा कुराता आजी. त्यांनी स्क्रू दोन वेढे फिरवला. "दिव्याला खाली बघायला शिकव पोरी. तरुणपणी सगळेच वर बघतात." मी म्हटलं, ही चौदा वर्षांची आहे. म्हणाल्या, "मग तर शिकायलाच हवं."

तिसऱ्या फेरीत दिवा पास झाला. आता शिक्का बसणार, आणि मी दोन वर्षं गप्प बसणार. तेवढ्यात तपासनीसाने कागद पाहिला, गाडी पाहिली, पुन्हा कागद पाहिला. "कागदावर माणसं दोन. गाडीवर जागा एक." मागच्या सीटच्या जागी तू ते लाल प्लॅस्टिकचं कुबड बसवलं आहेस ना, तेच. पाय ठेवायला फूटरेस्ट आहेत, बसायला जागा नाही. मी विचारलं, हे पहिल्या फेरीत का दिसलं नाही? "पहिल्या फेरीत कान गेले होते बाई, डोळे कुठून चालणार?" मग जरा मऊपणाने म्हणाला, "सोपं आहे. अर्ज भरा, दोनाचं एक करून देतो. रेसच्या गाडीवर मागे बसतंय कोण? आणि मिस्टरांना सांगा, वय झालं आता, विका हे भंगार."

दादा, ही गाडी भंगार आहे हे मी दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ म्हणते आहे. पण आमच्या घरच्या भंगाराला भंगार म्हणायचा हक्क याला कुणी दिला? मी म्हटलं, "तुम्ही गाडीचं वय बघा. मिस्टरांचं मी बघते." आणि अर्ज भरायला नकार दिला. त्याला वाटलं मला भरता येत नाही. मला! एप्रिलमध्ये तुझी भाची नात्सुनो ओसाकाला नोकरीला गेली, तेव्हा तिचं नाव आमच्या घरच्या नोंदीतून कमी करायचा अर्ज माझ्याच खिडकीत आला आणि मीच त्यावर शिक्का मारला. घरात माणसं तीन होती, ती दोन केली. एका वर्षात एवढं पुरे. अजून एका कागदावरचं माणूस मी माझ्या हाताने कमी करणार नव्हते, मग तो कागद भंगाराचा का असेना. नापास तीन.

संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, तीनदा नापास. छताकडे बघतच तामोत्सु म्हणाला, "करार म्हणजे करार. विकू." थोड्या वेळाने, "तू बसलीस ना तिच्यावर? चाळीसला आवाज कसा होता गं?" मी म्हटलं, बरा होता. कशात नापास झाली तेही सांगितलं. तर खरोखरच्या आश्चर्याने म्हणाला, "मागची सीट? तिच्यावर बसणार कोण?" मिसोचं सूप गार होत होतं.

तेव्हा तुझी कधीही नापास न झालेली गाडी एका दिवसात तीनदा नापास झाली, हे तुला कळावं एवढ्यासाठीच हे पत्र. वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
चिझुरू

ता. क. तीनदा नापास झाली तरी केंद्र पंधरा दिवसांचा एक कागद देतं. तेवढ्यात राहिलेली एकच गोष्ट नेऊन दाखवली की पास. करारात या कागदाबद्दल काही लिहिलेलं नाही. मी पुन्हा वाचून पाहिला. तामोत्सुला अजून हे सांगितलेलं नाही, आणि तूही फोनवर बडबडू नकोस.

दुसरा ता. क. तुझ्या शेडमध्ये खिडकीपाशी मांजर जिच्यावर झोपतं ती काळी गादी म्हणजे या गाडीची मागची सीट आहे, हे मी गेल्या शरदातच ओळखलं होतं. ती झटकून, पुसून उद्याच्या कुरिअरने कचेरीच्या पत्त्यावर पाठव. ती परत मिळणार नाही, मांजराला तसं सांग. वहिनींचं जुनं हेल्मेट असेल तर तेही घाल. आमच्या दोघींच्या डोक्याचं माप एकच आहे, टोप्या बदलून पाहिल्या होत्या.

तिसरा ता. क. मागच्या माणसाला धरायला सीटवर एक आडवा पट्टा असतो. तपासनीस तो ओढून बघतो म्हणे, म्हणून तो विसरू नकोस. तुम्हा लोकांच्या रिवाजाप्रमाणे मला तो फक्त तपासणीच्या दिवसापुरता हवा आहे.