कमी धोक्याचा माणूस

नॉर्थ पॉइंट, मिशिगन
१२ फेब्रुवारी

ती. इर्माताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि लोकरीचे मोजे पोचले. मोजे मोठे होतात, पण आपल्या घरात माप विचारायची पद्धत कधी होती! फोन का करत नाहीस म्हणून तू परत विचारलंयस. अकरा वर्षं तुरुंगातून तुला पत्रंच लिहिली, तीच सवय लागली. आणि खरं सांगू, फोनवर तिसरं कुणीतरी ऐकतंय असं मला अजून वाटतं.

इथे एक भानगड झाली आहे. माझ्या पॅरोलवर देखरेख करणारी बाई बदलली. नवीन आली ती मिस लोरेटा ओडेल. तिने माझ्याकडून चोपन्न प्रश्नांचा कागद भरून घेतला. मित्र कोण, दारू कधी सोडली, रविवारी काय करता. मग बेरीज केली आणि हसत म्हणाली, की मी 'कमी धोक्याचा' निघालो, दर मंगळवारी यायची गरज नाही, तीन महिन्यांतून एकदा कार्ड टाकलं की झालं. वर चारदा माझं कौतुक केलं. चारदा, मी मोजलं! सरकारने फुकट कौतुक केल्याचं तुझ्या ऐकण्यात आहे का? बोकडाला माळ घालतात ती कापायच्या आधीच.

म्हणून मी मंगळवारी जातोच. दोन तास बाकावर बसतो, कुणी विचारलं तर सहज आलो म्हणतो. म्हातारा सुंड बोटींच्या शेडमधून सोडताना कुरकुरतो, पण उद्या हा हजर नव्हता असं कुणी म्हणायला नको. दहा जूनला त्याच्याकडे मला सलग वर्ष होईल. न्यायाधीशबाईंची अट तेवढीच आहे, की एका जागी वर्षभर नोकरी टिकली तर माझी कायसा आजोळहून माझ्याकडे राहायला येईल. पोरगी चौदाची झाली, ताई. तिच्या खोलीला पिवळा रंग देतोय.

तू तिकडे असलंच खातं चालवतेस. यात काय काळंबेरं आहे ते कळव. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझा
आर्वो


लेक एलिस, मिनेसोटा
२३ फेब्रुवारी

चि. आर्वोस,
अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, त्या चोपन्न प्रश्नांवर तर तुझ्या ताईची भाकरी चालते! कौतुकाची रीतही आमचीच. एकदा रागवायचं तर चारदा शाबासकी द्यायची, हे मीच गावोगावच्या अधिकाऱ्यांना शिकवते. हजारो माणसांवर तपासून पाहिलेलं आहे हे. ज्याचा धोका कमी, त्याला मोकळं सोडावं. त्याला उगाच ऑफिसात खेचलं, अट्टल लोकांच्या घोळक्यात बसवलं, की नोकरी जाते, संगत बिघडते आणि बरा चाललेला माणूस आपणच वाया घालवतो. तेव्हा तो बाक सोड आणि सुंडच्या बोटी घास.

पण एक विचारू? रागावू नकोस. बोलावलं नसताना माणूस तिथे जाऊन का बसतो? माझा अनुभव असा, की मनात काहीतरी खुपत असतं. मागच्या वेळी सुटलास तेव्हाही आठव्या महिन्यात तू असाच फार शहाण्यासारखा वागायला लागलास, आणि मग पलंगाखाली बाटल्या निघाल्या. या पत्रातलं तुझं अक्षर ओळ सोडून चाललंय. हात थरथरतो का रे? थंडीने असेल म्हणा.

खोलीला पिवळा रंग छान दिसेल. जेवत जा, आणि ताईवर रुसू नकोस.

तुझी
इर्माताई


नॉर्थ पॉइंट
२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं. तीन मंगळवार गेलो नाही. पहिल्या मंगळवारी दहादा घड्याळ पाहिलं, तिसऱ्या मंगळवारी शिट्टी वाजवत काम केलं. सुंडने स्वतःच्या थर्मासातली कॉफी दिली, त्याच्यासारख्या चिकटाने! आणि हात थंडीनेच थरथरतो. शेडमध्ये शेगडी एकच, तिच्यासमोर त्याचं कुत्रं पसरलेलं असतं.

मग अचानक मिस ओडेलचं बोलावणं आलं. माझ्या नजरेला नजर देईना. म्हणाली, कागदाचं म्हणणं काही असो, माझ्याबद्दल काळजी करण्यासारखी माहिती आली आहे. आता आठवड्यातून दोनदा हजेरी, लघवीची तपासणी, आणि मग दुपारपर्यंत नऊ जणांच्या गटात बसायचं. नऊही जण जास्त धोक्याच्या यादीतले. त्यातला ड्युई परवा थेट शेडवर उपटला, एक पिशवी ठेवून घेतोस का म्हणाला. हाकलला त्याला, पण सुंडने पाहिलंच.

माझी चहाडी कुणी केली? सुंडने? घरमालकीण मिसेस पेल्टोनेनने? ती दर शनिवारी सूप आणून द्यायची ते काय उगाच? काल तोंडावर विचारलं तिला. ती रडली. खरं रडली की सोंग केलं, देव जाणे. कायसाच्या आजीवरही माझा संशय आहे, तिला नात सोडायची नाही. ताई, तू या धंद्यातली. शोधून काढ ना.

तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

आर्वो


लेक एलिस
३० मार्च

चि. आर्वोस,
अनेक आशीर्वाद.

आधी जाऊन त्या पेल्टोनेनबाईंची माफी माग. बिचारीचा काही संबंध नसेल.

ड्युईला हाकललंस हे फार चांगलं केलंस. धीराने घेतोयस, कामाला चिकटून आहेस, मला सगळं मोकळेपणी लिहितोस, याचा मला अभिमान वाटतो. पण कुणी कळवलं ते शोधून तुला काय मिळणार? ज्याने कळवलं त्याला तुझी काळजीच असेल. सोमवार आणि गुरुवार सोडून बाकीच्या दिवशी सुंडकडे तासभर जास्त थांब, म्हणजे तो धुसफुसणार नाही. महिन्या-दीड महिन्यात हे ढिलं होईल.

घाईत आहे. तुझं बरं व्हावं एवढंच मागणं.

इर्माताई


नॉर्थ पॉइंट
१८ एप्रिल

ताई,

सरोवरावरचा बर्फ फुटला. बोटी पाण्यात सोडायचा आठवडा, आणि काल गुरुवारी मी गटात खुर्चीवर बसलेलो. परत आलो तर सुंड दारात उभा. म्हणाला, माणूस तू वाईट नाहीस, पण मला रोज येणारा माणूस हवा, आणि ड्युईसारखे लोक शेडवर नकोत. काढून टाकलं मला. दहा जूनला त्रेपन्न दिवस उरले होते. कायसाला कोणत्या तोंडाने सांगू?

आज दिवसभर काम नव्हतं, म्हणून तुझी पत्रं काढून वाचली. मी तुला आठवड्यातून दोनदा एवढंच लिहिलं होतं. वार लिहिले नव्हते. सोमवार-गुरुवार तुला कुणी सांगितलं? आणि कौतुकही चारदा केलंयस. आता ते मला मोजता येतं.

दुसरं काही लिहू नकोस. तू कळवलंस की नाही, तेवढंच लिही.

आर्वो


लेक एलिस
२४ एप्रिल

आर्वो,

हो. मीच कळवलं.

फेब्रुवारीत तुला लिहिलेलं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन मिस ओडेलला फोन केला. ती माझ्याकडेच शिकलेली. ती म्हणत होती, मॅडम, याचा आकडा कमी आहे, तुम्हीच शिकवलंत की अशा माणसाला छेडू नये. मी म्हणाले, तो माझा भाऊ आहे, मी त्याला ओळखते. माझ्या शब्दाखातर तिने हजेरी वाढवली. चार हजार अनोळखी माणसांच्या बाबतीत मी त्या कागदावर विश्वास ठेवला, आणि पाठच्या भावाची पाळी आली तेव्हा ठेवला नाही. मागच्या वेळी त्या बाटल्या मीच ओढून काढल्या होत्या रे. पुन्हा तेच बघायची मला भीती वाटली. पण भीतीने केलं म्हणून तुझी नोकरी परत येत नाही. मला स्वतःची लाज वाटते.

न्यायाधीशबाईंना, मिस ओडेलला आणि माझ्या वरिष्ठांना मी लेखी कळवलं आहे, की हजेरी माझ्या सांगण्यावरून वाढली, तुझी एकही तपासणी खराब निघाली नाही, आणि नोकरी त्या हजेरीपायी गेली. सुंडलाही लिहिलंय. शिकवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बरोबरच केलं त्यांनी.

माफ कर म्हणायला जीभ रेटत नाही, तरी म्हणते.

इर्मा


नॉर्थ पॉइंट
१६ जून

ताई,

न्यायाधीशबाईंनी तुझं पत्र कोर्टात वाचून दाखवलं. हजेरी आणि गट दोन्ही बंद झाले. सुंडने पाच मेपासून परत घेतलं, रंगाचा डबा हातात दिला. पण वर्ष नव्याने मोजायचं ठरलं. अट ती अट. कायसा येईल ती पुढच्या मे महिन्यात, तोवर पंधराची झालेली असेल. मिसेस पेल्टोनेनची माफी मागितली. तिने ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं.

मी सगळ्यांवर संशय घेतला. सुंडवर, त्या म्हातारीवर, कायसाच्या आजीवर, अगदी पोस्टमनवरसुद्धा. एक तूच त्या यादीत नव्हतीस.

रविवारी कायसाला भेटायला गेलो होतो. तिने विचारलं, बाबा, तुमची चहाडी केली कुणी? मी म्हणालो, माहीत नाही. तिला आत्या एकच आहे. ऑगस्टात तिचा वाढदिवस, तुझ्या पत्राची ती वाट बघते, तेवढं चुकवू नकोस. मला मात्र इतक्यात लिहू नकोस.

आर्वो