पुसलेल्या फाइलचे चौदा दिवस

६ जानेवारी २०२५

मॅनेजर घनश्यामजींनी सकाळीच बोलावलं. मिलच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर साठतं, आणि जागा भरत आली म्हणून रोज मेल येतो. म्हणाले, तीस दिवस कशाला ठेवता, सात करा. केलं. आता सात दिवस झाले की फाइल आपोआप डिलीट. दोन मिनिटांचं काम! पण कापसाच्या या अख्ख्या जिनिंग मिलमध्ये हे येणारी मी एकटीच, एवढी ऐट मनात आलीच.

९ जानेवारी

दुपारी लाईन गेली होती. बादल राठोड मशीनच्या रोलरमध्ये अडकलेला कापूस काढत होता. लाईन आली, मशीन सुरू झालं. उजव्या हाताची चार बोटं गेली. यवतमाळला नेलंय.

बाबा आमच्याच मिलमध्ये फिटर — घरी येऊन जेवले नाहीत.

१३ जानेवारी

मिलमध्ये सगळ्यांचं एकच. बादलनं मशीन बंद करायचं बटन पाडलंच नाही, तसाच हात घातला. बाबाही तेच म्हणाले.

१७ जानेवारी

बादलची बायको रंजिता तांड्यावरून आली होती. घनश्यामजी बादलकडून कागदावर सही मागतायत — चूक माझीच होती म्हणून. उजवा हात चालत नसेल तर डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल म्हणे! ठसा दिला की मिल मोकळी, बादलला भरपाई काहीच मिळणार नाही.

"त्यायनं बटन पाडलं व्हतं, ताई. तुमच्या कॅमेऱ्यात दिसलंच असन. मले तेवढं काढून द्या."

फोल्डर उघडलं. नऊ तारीख नाही. कालच सात दिवस भरले. मीच केलेली सेटिंग! इतके दिवस रोज त्याच खुर्चीत बसले, आणि ती एक फाइल बाजूला काढून ठेवावी हे डोक्यातही आलं नाही. लाज वाटते स्वतःची. सांगताना तिच्याकडे बघवेना. ती रडली नाही, भांडली नाही. बस चुकेल म्हणून उठली.

१८ जानेवारी

सकाळी लवकर जाऊन सगळ्या सेटिंग वाचून काढल्या. सापडलं!! डिलीट झालेली फाइल आणखी चौदा दिवस कचरापेटीत राहते. म्हणजे तीस तारखेपर्यंत. त्याच्या आत एक क्लिक केलं की परत, आणि नुसतं बघायचं तर पेटीतच उघडते. नऊ तारीख, कॅमेरा चार — आहे!

लगेच बाबांना फोन केला. म्हणाले, "कायले पाह्यतं वं ते?"

मिलमालक शेठच्या भानगडीत मी पडू नये असं वाटत असेल त्यांना. पण मी पाहणार. सोमवारी सगळे जेवायला गेले की निवांत पाहते, आणि मग रंजिताताईला कळवते.

२० जानेवारी

फाइल पाहिली.

२१ जानेवारी

लिहवत नाही.

२४ जानेवारी

रंजिताताईचा फोन. काही सापडलं का? मी नाही म्हटलं. तीच मला समजावत होती — "जाऊ द्या. तुमी तं लय केलं आमच्यासाठी."

फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. मग बिलं टाइप केली.

२७ जानेवारी

बादलनं ठसा दिला. घनश्यामजींनी तो कागद माझ्याचकडून स्कॅन करून घेतला. डावा अंगठा, शाई जरा पसरलेली.

३० जानेवारी

बादलनं बटन पाडलं होतं. अगदी स्पष्ट दिसतं. तो हात घालतो, लाईन येते, आणि बाबा ओळीनं सगळ्या मशीनची बटनं वर करत येतात — न बघता, रोज करतात तसेच.

आज दुपारी कचरापेटी रिकामी झाली. मी समोरच बसले होते.