कुकरच्या पुस्तकातलं इंग्रजी

चामराजपेट, बंगळूर
रविवार, भर दुपार
फेब्रुवारी १९९९

तीर्थस्वरूप सौ. अक्का,

धाकट्या शारदेचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकले होते, पण कंबर धरली, म्हणून उरलेला नमस्कार बसून लिहिते आहे.) तुझ्या गुडघ्यांना त्या नव्या तेलाने काही उतार पडला का? भावोजींचा खोकला बेळगावच्या थंडीत पुन्हा उठला असेल. त्यांना आलेपाक दे, आणि औषध घेतलं असं ते म्हणाले तर बाटली उघडून बघ. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. खरं तर खुशाल हा शब्द आज अपुराच आहे. अक्का, मी आज इंग्रजी बोलले! घरात, भर पंगतीत, हातात डाव असताना बोलले, आणि समोरच्यांना ते कळलं! घाईघाईत लिहितेय, त्यामुळे अक्षर असं आलंय, तेव्हा चष्मा पुसून वाच.

पहिल्यापासून सांगते, नाहीतर तू म्हणशील शारदेला ताप चढलाय. आमच्या घरातला भाषांचा कारभार तुला ठाऊकच आहे. मी आणि हे मराठीत बोलतो. सून तुमकूरची, म्हणून भव्याशी सगळे कन्नडमध्ये. (आणि भव्याबद्दल काही बोलायचं असलं तर मी आणि हे पुन्हा मराठीत. त्यात वाईट काही नसतं, उगीच आपलं घरगुती.) पण दिवाळीपासून सुधींद्र आणि भव्या जेवताना एकमेकांशी इंग्रजीत बोलायला लागले. मी वाढायला वाकले की इंग्रजी सुरू, आत गेले की बंद. अधूनमधून एखादा शब्द हाती लागायचा. ‘व्हाइटफील्ड’ कळायचं, कारण भव्याची कंप्युटरची कंपनी तिकडे आहे. ‘ॲडव्हान्स’ कळायचं, कारण तो शब्द आमच्या दुकानातही चालतो. आणि दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ‘आई’ असायचं. आता तूच सांग, व्हाइटफील्ड, ॲडव्हान्स आणि आई, यांची बेरीज कोणतीही आई काय करेल? माझा एकुलता एक मुलगा वेगळं बिऱ्हाड करायला निघालाय, दुसरं काय! पण तोंड उघडून विचारायचं धैर्य होईना, कारण विचारलं आणि तो ‘हो’ म्हणाला तर? म्हणून मी ठरवलं, आधी आपण इंग्रजी शिकायचं आणि त्यांचं ते काय चाललंय ते गुपचूप ऐकून घ्यायचं.

आमच्या मागच्या गल्लीत पिठाच्या गिरणीवर एक खोली आहे, तिथे विमला मिस स्पोकन इंग्लिशचे वर्ग घेतात. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, पांढरीशुभ्र साडी, आवाज मात्र पोलिसातला. त्याला कारण ती गिरणी. खाली ज्वारी पडली की वर कोणाला काही ऐकू येत नाही, त्यामुळे आम्ही सगळे विद्यार्थी इंग्रजी ओरडूनच शिकलो. (मला अजूनही ते हळू आवाजात येत नाही. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.) घरी मी भजनी मंडळ असं सांगितलं. एकदा ह्यांनी कौतुकाने म्हटलं, नवीन काय शिकलीस ते म्हणून दाखव. तेव्हा आपल्या आईचं जुनंच भजन चाल मोडून म्हटलं. हे म्हणाले, ‘मंडळ बदल.’

विमला मिसची रीत अशी, की रोज घरी मोठ्याने वाचायचं, पण जबरदस्तीचं नाही. ज्याला जे आवडतं ते त्याने वाचावं, आवडीचं असेल तरच जिभेवर बसतं, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी दिलेल्या पुस्तकात एक रामू होता आणि तो सदानकदा पोस्टात जायचा. त्याचा मला दुसऱ्या दिवशीच कंटाळा आला. तेव्हा जो तो आपापल्या आवडीला लागला. आमच्या वर्गात उदबत्तीवाले देवाप्पा आहेत, ते वर्तमानपत्रातलं क्रिकेट वाचतात. आता त्यांच्या बायकोला नुसती सर्दी झाली तरी ते इंग्रजीत सांगतात की सुरुवात डळमळीत झाली, पण खेळपट्टी हळूहळू सुधारते आहे. संतोषकुमार म्हणून एक लग्नाचा मुलगा आहे, तो रविवारच्या वधूवरांच्या जाहिराती पाठ करतो. विमला मिसनी त्याला खिडकीबाहेरच्या गाईचं वर्णन करायला सांगितलं, तर तो म्हणाला, गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष, प्रतिष्ठित घराण्यातली, आणि जातीची अट नाही. आम्ही हसलो, पण गाय डोळ्यापुढे उभी राहिली हे खरं.

आणि मी? अक्का, तू हसशील. मला कुकरची पुस्तकं आवडली! आपल्या दुकानात भांड्यांबरोबर कुकरही विकतात, आणि प्रत्येक खोक्यात एक छोटंसं गुळगुळीत पुस्तक असतं. लहानपणी मी वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचायची, तीच ही खोड. पण या पुस्तकांची गोडी काही औरच. कशाला हात लावू नये, कशावर काय ठेवू नये, वाफ अडली तर काय करावं, किती ठणठणीत बोलतात ते लोक! कुठे ‘बघू’, ‘बहुतेक’, ‘तुमचं काय मत’ असली मिळमिळीत भाषा नाही. मला वाटलं, बोलायचं तर असं. दुपारी हे दुकानात झोपले की मी खोक्यातून एकेक पुस्तक काढून आणायची आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचायची. (पुढे गिऱ्हाईकं तक्रार घेऊन यायला लागली, की खोक्यात पुस्तक नाही. ह्यांनी कंपनीच्या माणसाला असं झापलं, की तो बिचारा गयावया करत माफी मागून गेला. मी त्याला कॉफी करून दिली, साखर स्वल्प जास्त घालून.) वर्गात मला नवऱ्याविषयी चार वाक्यं बोलायला सांगितलं, तेव्हा मी एका दमात सांगितलं की ह्यांना सपाट जागेवर ठेवावं, पाण्याशिवाय तापवू नये, आणि पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण काढायचा प्रयत्न करू नये. विमला मिस म्हणाल्या, व्याकरण निर्दोष आहे.

एक गोष्ट तेव्हा माझ्या नजरेतून निसटली. मी ओट्यापाशी वाचायची, त्याच स्वयंपाकघरात भव्या सकाळी दूध तापेपर्यंत तू पाठवतेस त्या मराठी कॅलेंडरपुढे उभी असायची. ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, वेगळं व्हायला किती दिवस उरले ते मोजते आहे. तुला फोनवर मी बोललेही होते, तिच्या देखत, मराठीतच.

आता आजचं ऐक. बिसीबेळे भात केला होता, वर पापड. सगळे बसलेले, आणि सुधींद्राने इंग्रजी काढलं. अक्का, देवाशपथ, मला कळलं! एकेक शब्द सुटा सुटा नाही, अख्खं वाक्य, डाळीसारखं शिजून! तो म्हणत होता, घराचा ॲडव्हान्स देऊन झाला, आईला सांगणार कसं, तिला सहन होणार नाही, आपण आधी सामान थोडं थोडं हलवू आणि शेवटी सांगू. डोळ्यांत पाणी आलं. पण रडायला मला फक्त मराठी येतं आणि त्या क्षणी तोंडात नेमकं इंग्रजी भरलं होतं. मी डाव वर धरला आणि गिरणीवरच्या आवाजात म्हणाले, ‘वॉर्निंग! बिफोर शिफ्टिंग, काइंडली कन्सल्ट द मॅन्युफॅक्चरर!’

सुधींद्राच्या हातातला पापड ताटात पडला. मॅन्युफॅक्चरर म्हणजे मी, त्याची, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. हे मात्र घास तसाच ठेवून माझ्याकडे बघतच राहिले आणि म्हणाले, ‘अगं, हे आपल्या पाच लिटरच्या पुस्तकातलं आहे!’ बायकोला इंग्रजी येतं याचा आनंद राहिला बाजूला, यांना चोर सापडल्याचा आनंद.

आणि मग भव्या उठून उभी राहिली. गाल लाल, डोळे भरलेले. मला वाटलं, आता कन्नडमध्ये भांडण होणार. तर तिने हात जोडले आणि अक्का, शुद्ध मराठीत म्हणाली, ‘महिन्याच्या उत्तरार्धात नोकरीनिमित्त स्थलांतराचा योग आहे. प्रवासामुळे प्रकृती नरम राहील. वडीलधाऱ्यांचा सल्ला मोलाचा ठरेल. कौटुंबिक गैरसमज दूर होतील.’ आणि मग एकदम खाली बघून, ‘मन उदास राहील.’

तुझ्या कॅलेंडरची मागची पानं! राशिभविष्य! शाळेत हिंदी शिकलेली, त्यामुळे अक्षर ओळखीचं, आणि बाकीचं तिने वाचून वाचून बसवलं. मग कन्नडमध्ये सगळं बाहेर आलं. आम्ही दोघं मराठीत काय बोलतो हे तिला कळायला हवं होतं, म्हणून तिने हा उद्योग केला. मी घाबरून विचारलं, किती कळायला लागलंय? तर डोळे पुसत म्हणाली, ‘आहाराबाबत टीका संभवते.’ म्हणजे तिच्या रसमला आपण नावं ठेवतो ते कळलंय, अक्का. आपण फोनवर जे जे बोललो ते सगळं कळलंय. त्यावर मीच आधी हसले, मग ती हसली, आणि हे तर ठसका लागेपर्यंत हसले. सुधींद्र तेवढा पापड शोधत होता.

त्या पोरीकडे आज मी नीट बघितलं. अंधारात घर सोडते, दोन बस बदलते, परत येते तेव्हा चेहरा सुकून गेलेला असतो. एवढे दिवस मी इंग्रजी ऐकायला कान टवकारून बसले आणि तिच्या डोळ्यांखालचं काळं मला दिसलं नाही. मी म्हटलं, जा बाई, सरी, ठीक आहे, ऑफिसजवळ राहा, झोप तरी पुरी होईल. हे ‘जा’ मी मराठीत म्हटलं. तिला कळलं.

भावोजींना नमस्कार, शेजारच्या मंडळींना आठवण सांग, आणि शारदा आता तिन्ही भाषांत ओरडते असं कोणी विचारलं तर अभिमानाने सांग.

तुझी धाकटी,
शारदा

ता. क. ह्यांनी सगळी पुस्तकं खोक्यांत परत ठेवायला लावली आहेत, त्यामुळे माझं वाचन बंद पडलंय. तू संक्रांतीला मिक्सर घेतलास, त्याच्याबरोबर पुस्तक आलं असेलच. ते पोस्टाने पाठव. मिक्सर नको, पुस्तक पाठव.

ता. क. भव्यासाठी कॅलेंडर सोडून दुसरं काहीतरी मराठी हवं. जेवणानंतर तिने ह्यांना सांगितलं की वाहन जपून चालवावे, तर हे उठून सायकलची चाकं दाबून आले. आणि फोनवर रसमचा विषय बंद. पत्रातही बंद, कारण हे पत्रसुद्धा ती वाचणार. (भव्या, वाचत असशील तर रसम हल्ली चांगलं होतं.)

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. वर मी ‘जा’ म्हटल्याचं लिहिलंय ना, तेव्हा आवाज मोठा होता म्हणून ते खरं वाटलं. ती दोघं महिनाअखेर जातील. हे दिवसभर दुकानात. मग डाळ किती टाकायची, आणि मराठीत बोलायचं ते कोणाला कळू नये म्हणून? अक्का, ते मिक्सरचं पुस्तक पोस्टाने पाठवू नकोस. तूच घेऊन ये.